सरोवराचे हिम आणि मोर्शीची गार

मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर धरण आहे. १९९३ साली पुऱ्या झालेल्या ह्या धरणाच्या जलाशयास नल-दमयंती सागर असे सुंदर नाव मिळालेले आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे पाणी हवेहून ऊबदार असते, आणि त्यावर धुक्याचा पातळ पडदा तरंगू लागतो. सूर्य वर आला की तो विरून जातो. निसर्गाचा हाच साधा नियम पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास मात्र घरेच्या घरे हिमाखाली पुरून टाकतो.

अमेरिकेत ईरी नावाचे सरोवर आहे. त्याचा विस्तार पंचवीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. हिवाळ्याच्या तोंडी त्याचे पाणी अद्याप उबदार असते, आणि त्यावरून उत्तरेकडील कोरडे, अतिशीत वारे वाहू लागतात. शेकडो किलोमीटरांच्या ह्या प्रवासात वारा ऊब व बाष्प गोळा करतो, वर चढतो, त्याचे ढग होतात आणि पलीकडच्या काठावर ते हिम होऊन रिते होतात. ह्या काठावरच बफलो शहर वसलेले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच्या दक्षिणेकडील ऑर्चर्ड पार्क ह्या गावी अवघ्या काही दिवसांत सुमारे ८० इंच हिम साचले. ढगांचे पट्टे इतके अरुंद असतात, की थोड्याच अंतरावरील वस्ती त्यातून जवळजवळ सुटते.

तथापि हे संकट तेथील गृहस्थाच्या ओळखीचे आहे. ते कोणत्या महिन्यांत येणार, कोणत्या दिशेने येणार आणि सरोवर गोठले म्हणजे ओसरणार, हे त्यास ठाऊक असते. म्हणून घरात शिधा भरलेला असतो, फावडे दाराशी असते आणि रस्ते मोकळे करणारी यंत्रे सज्ज असतात. एवढे असूनही २०२२ च्याच डिसेंबरातील हिमवादळात त्या भागात चाळीसहून अधिक माणसे दगावली. तयारीने संकट टळत नाही. त्याचा घाव मात्र हलका होतो.

मोर्शीचा जलाशय त्या मानाने लहान, आणि येथील थंडीही तितकी कडक नव्हे. म्हणून येथे हिम पडत नाही. परंतु आकाशातील बर्फ वऱ्हाडास अपरिचित आहे असे मात्र नाही. ते येथे गारेच्या रूपाने येते. माघ-फाल्गुनात समुद्रावरून आलेली दमट हवा खाली आणि उत्तरेकडील थंड, कोरडे वारे वर, असा योग जुळला म्हणजे उंच ढग उभे राहतात. त्यांतील जोरकस झोत पाण्याच्या थेंबांस वर उचलून गोठवितो. त्यांवर बर्फाचे थर चढत जातात, आणि भार असह्य झाला की गारा कोसळतात. भर पावसाळ्यात ह्या गारा बहुधा वाटेतच वितळतात. ह्या दिवसांत हिमरेषा खाली आलेली असल्यामुळे त्या जमिनीपर्यंत पोचतात.

आणि नेमका हाच काळ संत्र्याच्या बागांना नाजूक असतो. एका बागेत मृग बहाराचे फळ तोडणीस आलेले असते, तर शेजारच्या बागेत आंबिया बहाराचे झाड फुलांनी वा बारीक फळांनी लहडलेले असते. पाव घटकेची गार एकीकडे वर्षाची कमाई आणि दुसरीकडे पुढील हंगामाची आशा मातीत घालते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने आणि २०१८ च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्याने असा तडाखा अनुभवला.

बाग पुष्कळदा झाडावरच विकली जाते. व्यापारी इसार देतो, उरलेली रक्कम तोडणीच्या वेळी द्यावयाची ठरते. मध्येच गार पडली तर नुकसान कोणाचे? करार तोंडी असेल तर ते दुबळ्याच्या माथी बसते. म्हणून गारेची वाटणी सौद्याच्या कागदावर आधीच लिहून घेणे, हे बागाईतदाराचे पहिले फावडे होय. दुसरे, फळपीक विम्यात गारपिटीसाठी निराळा हप्ता भरण्याची सोय असेल तेथे तो वेळेवर भरणे आणि नुकसान मुदतीत कळविणे. तिसरे, गार ओसरताच मोडक्या फांद्या छाटून, पडलेले फळ वेचून, मोरचूद व चुन्याच्या बोर्डो मिश्रणाने झाडांच्या जखमांतून शिरणारा रोग रोखणे. हिमाचल प्रदेशात सफरचंदांवर जाळी पसरतात. संत्र्याच्या विस्तीर्ण बागेस तो खर्च अल्पभूधारकास एकट्याने पेलणारा नव्हे.

बफलोचे हिम दर वर्षी येते, म्हणून त्याचा विसर पडत नाही. मोर्शीची गार दोन-चार वर्षे चुकते, आणि तेवढ्यात माणूस निर्धास्त होतो. गारेइतकाच घात ह्या विसरण्याने होतो. आकाश निरभ्र असतानाच जो कागद करतो आणि हप्ता भरतो, त्याच्या घरी गार पडली तरी चूल विझत नाही.