मापावर अपील नाही



भाषण ठोकायला आलो नाही. काळ्या हातांचा माणूस आहे, लेथवरचंच बोलतो.

हेन्री मॉडस्ले. लंडनजवळच्या वुलिचचा. बाराव्या वर्षी सरकारी शस्त्रकारखान्यात काडतुसं भरत होता. पुढं मालकाकडं पगारवाढ मागितली. नाही मिळाली. १७९७ साली बाहेर पडला, लंडनमध्येच स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. १८०० च्या सुमाराला त्यानं आटे पाडणारा लेथ उभा केला. टूल हातानं धरायचं नाही, स्लाइडवर घट्ट आवळायचं. म्हणजे एकासारखा दुसरा स्क्रू निघतो.

त्याच्या बाकावर एक मायक्रोमीटर असायचा. नाव 'लॉर्ड चॅन्सेलर'. का? त्याच्या निकालावर अपील नाही!

आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या लेथचंही तेच. २५ मिलिमीटरचा रॉड २४ करायचाय? टूल अर्धाच मिलिमीटर आत घ्या. जॉब गोल फिरतो, व्यासातून दुप्पट जातं. एक घेतलात तर २३ झाला, गेला भंगारात. शेवटचा कट बारीक. मोजायचं ते लेथ बंद करून. बाही सैल नको. चकची चावी चकमध्ये विसरलात, की चालू करताच ती गोळीसारखी सुटते.

कुणी म्हणेल, 'हे तुमच्या लोकांचं काम नाय.' भांडत बसू नका. जॉब आणि मायक्रोमीटर त्याच्यापुढं ठेवा. म्हणा, घे मोजून. माप जात विचारत नाही.

आणि शिकलात की शेजारच्या पोराला शिकवा. विद्या दडवणं ही वरच्यांची रीत. आपली नव्हे.