प्रयोगवहीतील खाडाखोड

गुणवंतांच्या सत्कारप्रसंगी आम्ही टक्केवारीपलीकडे काही विचारीत नाही. 2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञान-अभ्यासक्रमात लेखी परीक्षेस 80 गुण, प्रात्यक्षिकास 20. हे वीस घरोघरी आंदणच समजले जातात! काचेच्या ठोकळ्याचा अपवर्तनांक पुस्तकात सुमारे 1.5; मुलाने टाचण्या लावून, कोन मोजून 1.46 काढला, तर तो खोडून 1.5 लिहावयास त्यास आम्ही वडीलधारेच सांगतो. वास्तविक गुण त्या 1.46 लाच मिळावयास हवेत, आणि टाचणी कोठे हलली हे त्यास सांगता आले तर अधिकच. शिक्षकांकडे गुणांची विचारणा करणारे पालक पुष्कळ. कोन मुलाने स्वतः मोजले काय, असे पुसणारा विरळा. पुढील वर्षी पारितोषिकासाठी गुणपत्रिकेसोबत प्रयोगवहीही मागवावी, अशी आमची मंडळास विनंती आहे.