लॅपटॉपच्या देवडीवरचा पहारेकरी

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमींची देखभाल थांबविली, आणि पुष्कळ घरांतून एक चमत्कारिक पेंच उत्पन्न झाला. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा लॅपटॉप धडधाकट आहे, पडदा स्वच्छ आहे, कळा शाबूत आहेत; परंतु 'विंडोज ११' त्याला आपल्या पंक्तीस बसूं देत नाहीं. त्या नव्या प्रणालीला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीनंतरचाच प्रोसेसर लागतो. चांगलें यंत्र भंगारांत कां घालावें, असा विचार करून कित्येक कुटुंबें लिनक्सकडे वळतात. हेलसिंकी येथील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जिचा गाभा रचला, ती ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते.

एखाद्या रविवारीं घरांतला कॉलेजांत जाणारा मुलगा ती पेन-ड्राइव्हवर उतरवून घेतो, तासाभरांत बसवितो, यंत्र बंद करून पुनः सुरू करतो, आणि पडदा काळाच राहतो. मग घरांत जो निकाल लागतो तो ठरलेला असतो : 'लिनक्सनें लॅपटॉप मारला.' हा निकाल पुष्कळदां घाईचा असतो. कारण या प्रकरणांत तिसराही एक इसम असतो, आणि त्याची जबानी कोणी घेत नाहीं.

तो इसम म्हणजे फर्मवेअर. यंत्राच्या मदरबोर्डवर एका लहानशा चिपेंत कारखान्यांतच भरून दिलेला हा कार्यक्रम होय. वाड्यांतली मंडळी जागी होण्यापूर्वीं देवडीवरचा पहारेकरी उठतो, अडसर काढतो आणि मग आंत वर्दी देतो, त्याप्रमाणें कळ दाबतांच प्रथम हा जागा होतो. स्मृति किती आहे तें तो मोजतो, पडदा नि कळफलक तपासतो, चकतीवर कोणती प्रणाली आहे तें शोधतो आणि तिला उठवून कारभार तिच्या स्वाधीन करतो. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीपासून त्याला बायोस म्हणत. पुढें इंटेलनें नवी पद्धत काढली, २००५ सालीं अनेक कंपन्यांनीं मिळून ती हातीं घेतली, आणि तिचेंच नांव यूईएफआय. या नव्या पहारेकऱ्याजवळ एक टांचणवही असते. कोणाला आधीं उठवावयाचें, कोणाला नंतर, या व अशाच बारीकसारीक नोंदी तींत असतात. आणि विशेष हें कीं चालू असलेल्या प्रणालीलाही त्या वहींत लिहितां येतें. पुढचा सारा घोटाळा या वहींतला आहे.

२०१३ सालच्या जानेवारींत सॅमसंगच्या कांहीं लॅपटॉपांसंबंधीं विलक्षण तक्रारी प्रसिद्ध झाल्या. लिनक्सचाच एक प्रकार जो उबंटू, तो या यंत्रांवर यूईएफआयच्या मार्गानें नुसता चालवून पाहिला तरी यंत्र कायमचें निपचित पडे. साधे उपाय थकत; मदरबोर्डच बदलावा लागे. संशय साहजिकच लिनक्सवर गेला. सॅमसंगच्या यंत्रांतील पडद्याचा उजेड वगैरे सांभाळण्यासाठीं लिनक्समध्यें एक ड्रायव्हर होता. तो जुन्या बायोसच्या काळीं स्मृतीच्या ज्या जागेंत खुशाल हात घालीत असे, तेथें नव्या पद्धतींत भलतेंच कांहीं नांदत होतें. यूईएफआयच्या मार्गानें यंत्र सुरू झालें असेल तर या ड्रायव्हरनें जागचें हलूंच नये, अशी दुरुस्ती झाली. गुन्हेगार सांपडला, असें सर्वांस वाटलें.

परंतु लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे मॅथ्यू गॅरेट यांचें तेवढ्यावर समाधान झालें नाहीं. त्यांनीं फेब्रुवारींत विंडोजमध्येंच एक लहानसा कार्यक्रम लिहून चालविला. त्याचें काम इतकेंच कीं टांचणवहींत नोंदीवर नोंदी करीत जाणें. यंत्र बंद करून पुनः सुरू करूं जातां तें तसेंच मेलें! लिनक्सचा तेथें वाराही नव्हता. मग उलगडा झाला. ड्रायव्हरच्या चुकीनें लिनक्स कोसळे ही गोष्ट खरी. कोसळतांना आपल्या पतनाची हकीकत पुढील तपासासाठीं तो त्या वहींत लिहून ठेवी. वही बरीचशी भरून जाई. आणि भरलेली वही पाहून सॅमसंगच्या पहारेकऱ्याला पुढल्या वेळीं जागेंच होतां येत नसे. वहींत लिहिण्याचा अधिकार नियमानेंच दिलेला होता. लिहिणाऱ्यानें तो वापरला, आणि वाचणारा बेशुद्ध पडला. यांत मुख्य दोष कोणाचा तें लहान मुलासही सांगतां येईल. तरीही पडती बाजू लिनक्सनेंच घेतली. वही निम्म्याहून अधिक भरेल असें लिहूंच नये, असा निर्बंध त्याच्या गाभ्यांत घालण्यांत आला. पुढें अधिक विचारांतीं तो सैल झाला.

२०१६ च्या आरंभीं अशीच दुसरी गोष्ट उघडकीस आली. लिनक्समध्यें या नोंदी फायलींच्या रूपानें दिसतात. चकतीवरचें सर्व कांहीं पुसण्याचा हुकूम एकानें सोडला, त्याबरोबर नोंदीही पुसल्या गेल्या आणि लॅपटॉप उठेना. वही कोरी झाली तर पहारेकऱ्यानें नवी घालावी, एवढी अक्कल त्याला शिकविलेली नव्हती.

मात्र प्रत्येक वेळीं कारखानदाराच्याच माथ्यावर खापर फोडणें हाही अन्याय होय. २०१७ च्या ऑक्टोबरांत निघालेल्या उबंटू १७.१० मध्यें इंटेल-एसपीआय नांवाचा एक ड्रायव्हर चालू ठेवण्यांत आला होता. त्याचा संबंध थेट फर्मवेअरच्या चिपेशीं होता. त्याच्या योगानें मुख्यतः लेनोव्होच्या आणि आणखी कांहीं कंपन्यांच्या लॅपटॉपांतील चिपेला जणूं कुलूप लागलें. मांडणींत केलेले बदल टिकेनात, पेन-ड्राइव्हवरून यंत्र सुरू होईना. येथें चूक निःसंशय लिनक्सच्या बाजूची. कॅनॉनिकल कंपनीनें डिसेंबरांत ती आवृत्ति मागें घेतली आणि जानेवारी २०१८ मध्यें दुरुस्त करून दिली.

सगळेच प्रसंग असे प्राणांतिक नसतात. कांहीं तर निव्वळ हास्यास्पद असतात. २०१२ सालीं लेनोव्होच्या थिंकसेंटर मालिकेंतील एका टेबलावरच्या संगणकांत असें आढळलें कीं त्याचा पहारेकरी वहींतलें नांव वाचून पाही. तें 'विंडोज बूट मॅनेजर' किंवा 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स' असेल तरच दार उघडी. दुसरें कोणतेंही नांव असो, पाहुणा कितीही सज्जन असो, दार बंद! ज्या दोन पाहुण्यांची कारखान्यांत परीक्षा झाली, तेवढेच ओळखीचे. कित्येक लॅपटॉपांचीही हीच तऱ्हा असते. फर्मवेअर लिहिणारा विंडोज सुरू झालें कीं हात झटकून मोकळा होतो.

विंडोज ८ बरोबर २०१२ सालीं आलेलें 'सिक्युअर बूट' हें प्रकरण याहून निराळें. त्यांत नांवाऐवजीं मोहोर पाहतात, आणि ती बहुधा मायक्रोसॉफ्टची असावी लागते. उबंटू, फेडोरा इत्यादि मोठ्या प्रकारांनीं आपल्या पहिल्या पायरीवर ती मोहोर उमटवून घेतलेली आहे. त्यामुळें हें कुलूप काढण्याची त्यांना सहसा गरज पडत नाहीं. तें उगाच काढलें, आणि चकतीवरचें विंडोज बिटलॉकरनें बंदिस्त केलेलें असलें, तर पुढल्या खेपेस विंडोज ४८ अंकांची किल्ली मागतें. ती आधीं कागदावर उतरवून ठेवली नसेल तर घरच्या फोटोंपासून हिशेबापर्यंत सारें आंतच राहतें.

म्हणून लिनक्स बसविणाऱ्यानें आरंभ विंडोजपासून करावा. फर्मवेअरची सुधारलेली आवृत्ति घालण्याचें साधन पुष्कळ कारखानदार केवळ विंडोजपुरतेंच देतात. तेव्हां विंडोज पुसण्यापूर्वींच, चार्जर जोडून, हें काम उरकावें. वीज जाण्याचा संभव असलेली वेळ टाळावी, कारण अर्धवट लिहिलेली चिप वाचतां येत नाहीं. २०१५ पासून लिनक्सवरूनही अशा आवृत्त्या पोंचविणारी एक सामायिक व्यवस्था चालू आहे. डेल आणि लेनोव्हो तींत सामील आहेत. सर्व कंपन्या मात्र नाहींत.

आणि एवढें करूनही रविवारीं पडदा काळा राहिलाच, तर दुकान गांठण्यापूर्वीं एक पाहावें. कळ दाबल्यावर कारखानदाराचें बोधचिन्ह उमटतें काय? उमटत असेल तर पहारेकरी जिवंत आहे. त्याला फक्त पाहुणा ओळखतां आलेला नाहीं. चकतीच्या एका लहान विभागांत कोणत्याही प्रणालीसाठीं चालावें असें एक सामान्य नांव नेमून दिलेलें आहे. लिनक्सच्या आरंभींच्या फायलीची एक प्रत पेन-ड्राइव्हच्या मदतीनें त्या नांवानें तेथें ठेवली कीं बहुतेक हट्टी दारें उघडतात. अशा यंत्रासाठीं नव्या मदरबोर्डचे पैसे कोणी मागूं लागला, तर ते देऊं नयेत.