मुठीखालचे नाव



वैशाखाच्या या उकाड्यात घरचा पंखा सोडून आपण एका परक्या देशाच्या आखूड तलवारीची हकीकत ऐकावयास आलात, याबद्दल आपले आभार मानून प्रथमच कबूल करतो की मी धातुशास्त्रज्ञ नव्हे आणि तलवारबाज तर मुळीच नव्हे. कचेरीची नोकरी संपल्यावर जुनी शस्त्रे पाहत हिंडण्याचा छंद जडलेला मी एक सामान्य गृहस्थ आहे. आणि आपल्या या कोपर गावात, जेथे वरून दिवा-वसईची गाडी धडधडत जाते व खालून कर्जत-कसाऱ्याच्या लोकली धावतात, तेथे माझ्या या छंदाला एकाएकी निमित्त घडले ते असे.

आपल्याकडे मुलांना कराटे शिकविणारा एक तरुण एके दिवशी लांबट खोके काखोटीस मारून माझ्याकडे आला. हाताने घडविलेली अस्सल जपानी ‘वाकिझाशी’ अशी जाहिरात वाचून त्याने ती महिन्याच्या पगारातून मागविली होती. वाकिझाशी म्हणजे सामुराईच्या कमरेच्या जोडीतील धाकटी तलवार. जपानी मापात पाते एक शाकु, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर, याहून कमी असेल तर ती ‘तांतो’, दोन शाकुंहून अधिक असेल तर ‘काताना’, आणि मधली ती वाकिझाशी. आपल्या जुन्या मापात सांगावयाचे तर साधारण एक हात. आणि हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, तेव्हा निदान या गावी तरी ते माप कोणास समजावून देण्याचे कारण नाही.

पाते झगझगीत होते. धारेच्या कडेने दुधी रंगाची लाटांसारखी नक्षी होती. मी म्हटले, ‘मूठ काढून पाहू.’ जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका लहानशा खुंटीने अडकविलेली असते; ती खुंटी ठोकून काढली की मूठ सुटते आणि पात्याचा आतील भाग, ज्याला जपानीत ‘नाकागो’ व आपल्याकडे शेपूट म्हणतात, तो उघडा पडतो. आम्ही खुंटी काढली. आत जाड, निमुळत्या शेपटीच्या जागी करंगळीहून बारीक असा एक बोल्ट पात्याला वेल्डिंगने चिकटविलेला होता. नक्षी आम्लाने काढली होती. हे पाते चार वेळा नेटाने फिरविले असते तर मुठीतून निसटून शिष्यवर्गात जाऊन पडले असते. तो बिचारा ‘काका, फसलो,’ एवढेच म्हणाला.

त्या बोल्टाकडे पाहत असता मनात जो विचार आला, त्याच्याच भोवती आजचे हे व्याख्यान फिरणार आहे. अस्सल पाते असते तर त्या जागी घडविणाऱ्याचे नाव छिन्नीने कोरलेले बहुधा आढळले असते. जपानी लोहार आपली सही पात्यावर, चारचौघांच्या नजरेत, करीत नाही; तो ती मुठीखाली, जेथे ती वर्षानुवर्षे कोणास दिसावयाची नाही, अशा जागी करतो. धन्याचे नाव शस्त्रावर नसले तरी चालते. कर्त्याचे मात्र असते, आणि तेही झाकलेले. त्या शेपटीवरचा काळसर गंज तेथील जाणकार कधीही पुसू देत नाहीत, कारण पात्याचे वय ठरविताना तो गंज एखाद्या दस्तऐवजावरील शिक्क्याइतका मोलाचा ठरतो.

या सहीमागे श्रम किती आहेत तेही पाहावे. नदीच्या व डोंगरांच्या लोहमिश्रित काळ्या वाळूपासून मातीच्या भट्टीत, लोणारी कोळशावर, तीन दिवस व तीन रात्री अखंड जाळ ठेवून पोलाद काढावयाचे. ही ‘तातारा’ भट्टी युद्धानंतर विझली होती, ती शिमाने प्रांतात १९७७ साली पुन्हा पेटविण्यात आली. निघालेल्या ढेपेतील निवडक भाग घेऊन तो तापवावयाचा, ठोकावयाचा, घडी घालावयाची आणि पुन्हा ठोकावयाचे. दहा घड्यांत एक हजार चोवीस थर होतात, पंधरा घड्यांत बत्तीस हजारांवर. परंतु हा आकडा बढाईसाठी नसून मळी बाहेर पडावी व कर्ब सर्वत्र सारखा पसरावा यासाठी आहे. शेवटी पात्याला माती लिंपतात, पाठीला जाड व धारेला पातळ, आणि तापवून पाण्यात बुडवितात. धार झटकन निवते व कठीण होते, पाठ सावकाश निवते व चिवट राहते. या दोहोंच्या ओढाताणीतच पात्याला तो प्रसिद्ध बाक येतो. आपल्या लोहारांच्या बोलीत याला ‘पाणी देणे’ म्हणतात. तेजस्वी माणसाला आपण पाणीदार म्हणतो तेव्हा आपण नकळत लोहाराचीच भाषा बोलत असतो.

१८७६ च्या फर्मानाने जपानात उघड तलवार बाळगण्यास बंदी झाली, तरी विद्या बुडाली नाही. आजही परवाना असलेला लोहार महिन्याला दोन लांब किंवा तीन आखूड तलवारींहून अधिक घडवू शकत नाही, आणि प्रत्येक पात्याची सरकारदफ्तरी नोंद होते. केंदो या जपानी तलवारबाजीच्या अभ्यासक्रमात जे दहा ठराविक डाव आहेत त्यांतील शेवटचे तीन आखूड तलवारीचे आहेत. हाताने घडविलेल्या या पात्यांच्या उलट, दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांतून घाऊक निघालेल्या लष्करी तलवारींची तेथे कलावस्तू म्हणून नोंदच होत नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाक येथे मराठा पलटणीची चौथी बटालियन ज्या जपानी सैन्याशी झुंजली, त्याच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला बहुतेक याच तलवारी होत्या. आणि पुढल्या वर्षी आग्नेय आशियातील शरणागतीच्या वेळी त्या रांगेने टेबलांवर ठेवल्या गेल्या. आमच्या माणसांचा जपानी पात्याशी परिचय झाला तो हा असा, आणि तोही बहुतांशी कारखान्याच्या मालाशी.

आता घरची गोष्ट. आखूड शस्त्राचे महाराष्ट्रातील सर्वांत विख्यात प्रकरण म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाचा प्रसंग. सभासदाच्या बखरीत बिचवा आणि वाघनख या दोहोंचा उल्लेख आहे. सातारचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे गेलेले वाघनख १९७१ मध्ये त्याच्या वंशजाने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास दिले, आणि २०२४ च्या जुलैत ते सातारच्या संग्रहालयात काही मुदतीसाठी आले. तेच हे हत्यार की नव्हे, याची खातरी लंडनचे संग्रहालयही देत नाही; त्यावर एवढा वाद झाला की शाईचे पाट वाहिले. परंतु श्रोतेहो, त्या वादात ती पोलादी नखे कोणत्या भात्यावर तापली, असा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याच्या पेटीवर नावे आहेत, महाराजांचे आणि डफसाहेबाचे.

तीच गत तलवारींची. २०२५ साली एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात आपल्या सरकारने सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांस नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार घेतली व ऑगस्टात ती मुंबईस आली. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. फिरंग म्हणजे युरोपी पात्याची तलवार. पाते परदेशचे, मूठ इकडची, नाव धन्याचे, अक्षरे सोन्याची. तलवार परत आणली हे उत्तमच झाले, त्याबद्दल मला दुमत नाही. तथापि शिलेखान्याचा चोख हिशेब ठेवणाऱ्या आमच्या दरबारांना मूठ बसविणाऱ्या कारागिराचे नाव कोठे टिपावेसे वाटल्याचे दिसत नाही, आणि ज्या शिकलगाराच्या हाताने पाते उजळून निघे तो तर केवळ जातीच्या नावाने उरला. कट्यारीचेही तेच. दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आडव्या दांड्यांची, मुठीत आवळून सरळ भोसकावयाची ती रचना भारताबाहेर कोणास सुचली नाही. पण मराठी माणसाला कट्यार म्हटली की १९६७ सालचे नाटक आठवते, लोहार आठवत नाही.

मी हे दुसऱ्यांस सांगतो, परंतु माझी तरी काय कथा! सुमारे पन्नास वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, खाडीकडच्या मोकळ्या रानात घिसाड्यांची पाले पडत. आईने मला कोयता करून आणावयास धाडले. घिसाड्याने मोटारीच्या कमानपाट्याचा एक तुकडा निवडला. पोरगे भाता ओढीत होते. तो सांडशीत तुकडा धरून ऐरणीवर फिरवी, आणि पदर खोचलेली त्याची बायको दोन्ही हातांनी घण उचलून बरोबर त्याच्या नजरेच्या इशाऱ्यावर घाव घाली. बोलणे काही नाही. पाते शेंदरी झाले तेव्हा त्याने ते पुरते बुडविले नाही. केवळ धारेची कड पत्र्याच्या डब्यातील पाण्यात टेकविली, चर्र आवाज होईतो धरली, आणि पाठ उघड्यावर निवू दिली. कठीण धार, चिवट पाठ. शिमान्याचे लोहार जे माती लिंपून साधतात, ते या माणसाने मनगटाच्या अंदाजाने साधले. तो कोयता अजून घरात आहे, नारळ सोलतो, आणि त्याच्या मुठीखाली काही कोरलेले नाही. दोन रुपयांसाठी मी पाऊण तास घासाघीस केली, आणि त्या जोडप्याचे नाव मात्र विचारले नाही.

जाता जाता एक कायद्याची गोष्ट, कारण त्या तरुणाने तीही विचारली नव्हती. १९५९ चा शस्त्र कायदा व त्याखालील नियम तलवार आणि खंजीर यांना शस्त्र मानतात, तसेच नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुराही. घरकामाची व शेतीची अवजारे वगळली आहेत. तेव्हा पोलीस ठाण्यात चौकशी केल्यावाचून खोके मागवू नये. हौसेचा मुद्देमाल होण्यास वेळ लागत नाही. सरावासाठी लाकडी पाते पुरते. आणि घरात आजोबांच्या काळची कट्यार किंवा तलवार निघाली, तर ठाण्यात जाऊन तिची रीतसर नोंद करून घ्यावी, परंतु विटेची पूड आणि लिंबू घेऊन तिला चकचकीत करू नये. मुठीखालचा गंज तर हातही न लावता राहू द्यावा.

आता मृगाचा पाऊस जवळ आला. रस्त्याच्या कडेला एखादा भाता दिसेल. कोयता घ्यावयास थांबाल तेव्हा भाव करण्यापूर्वी नाव विचारा, आणि घण कोणी मारला तेही.