उकळलेले पाणी : यंत्राची सोय आणि श्रावकाचा विवेक
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



खामगाव, मलकापूर, चिखली वा देऊळगाव राजा, गाव कोणतेही असो. जुन्या जैन घराची ओळख पाण्याच्या जागेवरून पटत असे. घागरीच्या तोंडाला दुहेरी गाळणे, गाळल्यावर उरलेली जिवाणी जपून पुन्हा त्याच विहिरीत सोडण्याची काळजी, चुलीवर पाण्याचे पातेले आणि उकळलेले पाणी निवविण्यासाठी मांडलेली परात. आता गाळण्याच्या फडक्याची जागा नळाने घेतली, चुलीची गॅसने; आणि ओट्याच्या कोपऱ्यात विजेवर पाणी गरम करून साठवणारे यंत्र, म्हणजेच डिस्पेन्सर, येऊन बसले आहे. हे यंत्र श्रावकाच्या घरात असावे काय, आणि असल्यास कसे वापरावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचा संबंध थेट आचाराशी आहे.

आचारांगसूत्राच्या ‘शस्त्रपरिज्ञा’ या पहिल्याच अध्ययनात पाण्याला केवळ जीवांचे आश्रयस्थान न मानता स्वतः जीव मानले आहे. पाणी उकळताना अप्कायाची हिंसा होतेच. परंतु कच्च्या पाण्यात क्षणोक्षणी चालणारी जीवोत्पत्ती काही काळ थांबते, शिवाय तृष्णेवर मर्यादा येते, म्हणून व्रतधारकांसाठी पक्के पाणी सांगितले गेले. ही मर्यादा काळाचीही आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत तीन उकाळे आलेले पाणी पावसाळ्यात ३, हिवाळ्यात ४ व उन्हाळ्यात ५ प्रहर अचित्त मानतात. दिगंबर परंपरेत गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, तर चांगल्या उकळलेल्या पाण्याची २४ तास सांगितली जाते. स्थानकवासी घरांत राखेच्या वा तांदळाच्या धोवण पाण्याचीही परंपरा आहे. रीती भिन्न असल्या तरी सर्वांचा आधार एकच : पाणी केव्हा पक्के झाले, हे घरातील माणसाला ठाऊक असले पाहिजे.

यंत्राच्या बाबतीत नेमकी येथेच चूक होते. ‘गरम’ आणि ‘उकळलेले’ हे दोन वेगळे शब्द आहेत. बाजारातील काही यंत्रे पाणी पूर्ण उकळवून मग ठरावीक उष्णतेवर राखतात. काही मात्र ८०-९० अंशांपर्यंतच तापवतात. दुसऱ्या प्रकारच्या पाण्यातून वाफ निघते, हात भाजतो, पण उकाळा येत नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथे पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. म्हणून आकड्यापेक्षा उकाळ्यावर भर द्यावा. दुसरी चूक त्याहून सर्रास घडते. टाकी अर्धी झाली की वरून कच्चे पाणी ओतले जाते. त्या क्षणी आतील पक्के पाणीही मिश्र होते आणि एकासना वा आयंबिल करणारी वृद्ध माता ते निःशंकपणे पिते! म्हणून टाकी रिकामी झाल्यावरच भरावी, पूर्ण उकळवावी आणि वेळ शेजारच्या पाटीवर लिहून ठेवावी.

आता गोचरीचा प्रश्न. साधु-साध्वींसाठी मुद्दाम उकळलेले पाणी त्यांना चालत नाही. तो आधाकर्मी दोष होय. जे घर स्वतःसाठी पक्के पाणी करते, तेथूनच त्यांना पाणी मिळते. घराघरांतून पक्के पाणी नाहीसे झाले, तर विहारातील साध्वींनी भर वैशाखात कोणाच्या दारी जावे? या दृष्टीने एकट्या राहणाऱ्या वृद्ध दांपत्याला यंत्रामुळे रोजचे पक्के पाणी सुलभ होत असेल, तर तो मोठा लाभ आहे. भरलेले जड पातेले उचलावे लागत नाही आणि झाकलेल्या टाकीत माशी-मुंगी पडत नाही. मात्र वीज सचित्त तेउकाय की अचित्त पुद्गल, याविषयी परंपरांत मतभेद आहेत. तेरापंथात ती अचित्त मानली जाते; मूर्तिपूजक व बहुतांश स्थानकवासी परंपरा तिला सचित्त मानतात. चालू यंत्राची कळ दाबून दिलेले पाणी तेथे असूझते ठरते. यावर उपाय साधा आहे : सकाळीच पाणी स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढून ठेवावे. तेच घरच्यांनी प्यावे आणि तेच गोचरीत द्यावे.

सूर्यास्तानंतर यंत्र बंद करणे हाही विवेकच. चोविहार करणाऱ्या घरात रात्रभर पाणी कोणासाठी तापत असते? ३ लिटर पाणी उकळण्यास साधारण पाव युनिट वीज पुरते. पण दिवसरात्र गरम राखल्यास वीज सतत खर्च होते आणि अनर्थदंडाचा दोष लागतो तो वेगळाच.

जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या खारपाणपट्ट्यातील श्रावकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. उकळल्याने रोगजंतू मरतात. क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्याने किंचित वाढतात. म्हणून तेथे आधी क्षारमुक्त केलेले पाणी घेऊन मग उकळावे, आणि शुद्धीकरणात बाहेर पडणारे पाणी धुण्याभांड्यांसाठी वापरावे. टाकीच्या तळाशी बसणारा पांढरा थर लिंबूसत्त्वाने निघतो. तो न काढल्यास वीजही अधिक लागते.

पाण्याच्या थेंबाविषयीची ही दृष्टी स्वयंपाकघरापुरती मर्यादित नाही. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम् सुफलाम्’ उपक्रमात याच जिल्ह्यातील तलाव-बंधाऱ्यांचा गाळ काढण्यासाठी शंभराहून अधिक यंत्रे पुरविली. इंधनाचा भार शासनाने उचलला आणि गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेला. तेथेही यंत्रच होते; पण त्यामागे हेतू आणि हिशेब होता. ओट्यावरच्या लहान यंत्रालाही हीच कसोटी लावावी.

यंत्र पाणी उकळून देईल, वेळ मोजणार नाही. कळ दाबताच पाणी देईल, संयम देणार नाही. ते घराने ठेवायचे असतात. ज्या घरात हे भान आहे तेथे यंत्र सेवक ठरेल. जेथे नाही तेथे चुलीवरचे पातेलेही व्रत राखू शकणार नाही.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडं. जय जिनेंद्र!