चार दारांची हेराल्ड



नागपुरात थंडी पडली की जुन्या मोटारी अंगावरची ताडपत्री टाकून रस्त्यावर येतात. गेल्या हिवाळ्यात, गरजूंच्या औषधोपचारांसाठी निधी जमवायला भरवलेल्या अशाच एका प्रदर्शनात मी सकाळभर रमलो. गर्दी होती ती लांबलचक, चकचकीत गाड्यांभोवती. मी शोधत होतो ब्रिटिश घराण्यातल्या साध्या, घरगुती गाड्या.

त्या ओळखायच्या खुणा असतात. दारालगतच्या खांबात उभी फट दिसली आणि वळताना तिच्यातून केशरी दिव्याचा छोटा हात बाहेर आला, तर ती जुनी ऑस्टिन किंवा मॉरिस असण्याचा संभव मोठा. लँडमास्टर आणि अँबेसेडर या तर सख्ख्या बहिणी. दोघींचं माहेर मॉरिस ऑक्सफर्ड. पण मागे जाऊन बघा. अँबेसेडरच्या मडगार्डाची टोकं किंचित वर उचललेली, लँडमास्टरची पाठ गोल. अँबेसेडर 2014 पर्यंत निघत राहिली, म्हणून ती आपल्याला आपलीच वाटते. लँडमास्टर मात्र आता शोधावी लागते.

आणि एका कडुनिंबाखाली ती दिसली, चार दारांची स्टँडर्ड हेराल्ड! तिच्याजवळ उभ्या असलेल्या एका आजोबांनी दोन्ही बाजूंच्या कड्या सोडवल्या आणि मडगार्ड, दिव्यांसकट गाडीचा सगळा दर्शनी भाग पुढे कलला. इंजिन, पुढची चाकं, स्प्रिंगा, सगळं मोकळं. मिस्त्रीनं टायरवर बसून काम करावं इतकी जागा. ही गाडी सुमारे 25 फुटांच्या वर्तुळात पूर्ण वळते. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत गाडी घातलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको.

हेराल्डचा घाट इटलीच्या मिकेलोत्ती यांचा. ट्रायम्फनं ती 1959 मध्ये इंग्लंडात आणली आणि 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ती भारतात बनवली. इंग्लंडातल्या हेराल्डला बाजूची दारं कायम दोनच. मागे बसणाऱ्यानं पुढची सीट वाकवून आत शिरायचं. नऊवारीतल्या आजीला ते कसं जमावं? पुढे मद्रासनं चार दारांची हेराल्ड काढली. तशी ब्रिटनमध्ये कधी झालीच नाही. म्हणजे ही ब्रिटिश घराण्यातली, पण खास भारतीय गाडी.

राजेरजवाड्यांच्या गाड्या जपल्या गेल्या, कारण त्या पहिल्या दिवसापासून मौल्यवान होत्या. हेराल्ड डॉक्टर-वकिलांच्या, प्राध्यापकांच्या रोजच्या वापरातली. रोजची म्हणून ती जपावी असं कुणाला वाटलं नाही. पत्रा गंजला, सुटे भाग मिळेनात, गाडी भंगारात गेली. माझ्या मते आज खरी दुर्मिळ गाडी हीच, आणि तिचं काम जाणणारा मिस्त्री तिच्याहून दुर्मिळ.

2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला व्हीए मालिका मिळते. अशी गाडी रोज फिरवता येत नाही, पण प्रदर्शनाला नक्की आणता येते.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या वाड्याच्या मागे अशी एखादी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कपाटातलं आरसी बुक शोधा आणि एखाद्या जुन्या मिस्त्रीला घरी बोलवा.