यंत्रबाहू, त्याचा मेंदू आणि त्याचे कुंपण
(ज्ञातिसंमेलन, मोहोळ येथे दिलेले व्याख्यान)



ऐरण, भाता आणि घण यांवर आपल्या वाडवडिलांनी संसार उभे केले. पुढे लेथ आली, वेल्डिंग आले, आणि आज आपल्या घरचे अनेक तरुण चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा स्वतःच्या लहान कारखान्यात काम करीत आहेत. त्यांतील काहींच्या मनात आता यंत्रमानव विकत घेण्याचे आहे. ही उमेद स्तुत्यच होय. परंतु कर्ज काढून आणलेले यंत्र चालले नाही तर घर बुडते, आणि चालले पण आवरले नाही तर माणूस जातो. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याची मी परवानगी मागतो.

'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगात पसरला. त्याचे मूळ ज्या शब्दात आहे त्याचा अर्थ 'वेठ' असा होतो. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला यंत्रमानव कामाला लागला, तो साच्यातून निघालेले तप्त ओतीव भाग उचलण्यासाठी. भट्टीची धग ज्यांनी सोसली आहे, त्यांना या कामाचे मोल निराळे सांगावयास नको. आपल्याकडे २०१७ साली टाटा समूहातील टाल कंपनीने 'ब्राबो' नावाचा देशी यंत्रबाहू बाजारात आणला, तो लहान उद्योजकांना डोळ्यांसमोर ठेवूनच.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. यंत्रबाहू हा नुसता हात आहे. त्याचा मेंदू म्हणजे कंट्रोलर. बहुधा या हाताला सहा सांधे असतात. प्रत्येक सांध्यात एक मोटार, एक ब्रेक आणि सांधा किती फिरला हे सांगणारा एन्कोडर असतो. कंट्रोलर या साऱ्यांशी एका ठरावीक भाषेत बोलतो. म्हणून एका कंपनीच्या हाताला दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर सहसा चालत नाही. इतकेच नव्हे, तर एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचेही पुष्कळदा जमत नाही. जुन्या बाजारात हात स्वस्तात मिळतो आणि 'कंट्रोलर मागाहून पाहू' असे सांगितले जाते. बैलाविना गाडी घ्यावी तसा हा व्यवहार होय. हात, कंट्रोलर, त्यांच्यामधील केबली आणि शिकविण्याचा टीच पेंडंट ही चारही अंगे एकाच जोडीची आहेत, हे पाट्यांवरील क्रमांक ताडून पाहावे. सांध्यांच्या शून्यस्थानाची नोंद आणि मूळ प्रोग्रॅमची प्रत मागून घ्यावी. आणि यंत्र समोर चालवून दाखविल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विजेचाही विचार हवा. आपल्याकडे तीन फेजची वीज साधारण ४१५ व्होल्टची. पुष्कळ जपानी कंट्रोलर मात्र २०० ते २२० व्होल्टवर चालतात. तेथे योग्य ट्रान्सफॉर्मर व चांगले अर्थिंग यांचा खर्च आधीच धरावा. वजनाचा हिशेबही असाच. दहा किलोचा हात म्हणजे दहा किलोचा माल नव्हे. मालाला धरणारा ग्रिपर चार किलोचा असेल तर मालासाठी सहाच किलो उरतात.

आता सुरक्षिततेविषयी. १९७९ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातील फोर्डच्या कारखान्यात, आणि २०१५ साली आपल्याच देशात मानेसर येथे, यंत्रमानवाने कामगाराचा बळी घेतला. हे यंत्र क्षणभर स्तब्ध असते, ते थकून नव्हे. पुढच्या संकेताची ते वाट पाहत असते. स्तब्ध यंत्र बंद आहे असे समजणे, हीच येथील सर्वांत घातक समजूत होय.

म्हणून त्याच्याभोवती कुंपण हवे आणि कुंपणाच्या दाराला असा स्विच हवा की, दार उघडताच यंत्र थांबावे. मात्र दार लावताच ते आपोआप सुरू होता कामा नये. सुरू करण्याचे बटण बाहेर, आणि जेथून आतला सारा भाग दिसतो अशाच जागी असावे. आत जाणाऱ्याने कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी.

दाराऐवजी प्रकाशकिरणांचा पडदा लावावयाचा असेल तर अंतराचे गणित करावे. माणूस सेकंदाला १६०० मिलिमीटर वेगाने येतो असे या गणितात धरतात. किरण तुटल्यापासून यंत्र पुरते थांबेपर्यंत अर्धा सेकंद लागत असेल, तर पडदा धोक्याच्या जागेपासून निदान ८०० मिलिमीटर दूर हवा. किरण विरळ असतील तर त्याहूनही अधिक.

थांबविण्याच्या संकेताला दोन स्वतंत्र तारा आणि सेफ्टी रिले असावा, म्हणजे एक तार निकामी झाली तरी दुसरी काम करील. हे काम साध्या पीएलसीच्या प्रोग्रॅमवर सोपवू नये. कंट्रोलर निवडताना त्यात अशा दुहेरी जोडणीची सोय आहे की नाही, हे म्हणूनच पाहावयाचे. यंत्राला शिकविताना त्याचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ नये, आणि पेंडंटचे बटण सोडले किंवा घाबरून घट्ट आवळले, तरी दोन्ही वेळा ते थांबले पाहिजे.

माणसाशेजारी काम करणारे, धक्का लागताच थांबणारे यंत्रबाहूही आता मिळतात. चाकणच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात असे पुष्कळ आहेत. पण त्यांच्या हाती धारदार पाते किंवा तापलेला भाग दिला, तर सौम्य हातही घातक ठरतो. यंत्राबरोबरच त्याच्या हातातील वस्तू पारखावी.

बंधूंनो, कुंपणाचा खर्च वाचवावा असा मोह पडतो, कारण कुंपण माल काढीत नाही. माझी विनंती एवढीच की, पैसा अपुरा असेल तर यंत्र एक वर्ष उशिरा घ्यावे, पण कुंपणासकट घ्यावे. आणि भगिनींनो, घरात कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी आपणही विचारावे, 'यात सेफ्टीची रक्कम कोठे आहे?' खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. हत्याराचा मान राखणे म्हणजे त्याचे सामर्थ्य ओळखून वागणे, असेच आपल्या वडिलांनी आपणांस शिकविले आहे.